जबड्यातली पाण्याची गाठ: खिडकी, प्लग आणि घरचं धुणं

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, उजेडाच्या पेटीवर लावला की आईची नजर थेट त्या काळ्या गोलावर जाते. दहा वर्षांची मुलगी, खालच्या जबड्याची डावी बाजू, दुधाच्या दुसऱ्या दाढेखाली सुपारीएवढी काळी पोकळी, आणि पोकळीच्या तळाशी कलंडून पडलेली नवी उपदाढ, मुळं अजून अर्धवट. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?" दुसरा, "जबडा कापावा लागेल का?"

बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर "नाही" असंच निघतं. पहिल्याचं उत्तर मात्र पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ठामपणे देऊ नये. दुसऱ्यासाठी हा लेख आहे. अशी गाठ पूर्ण खरवडून न काढता, तिला तोंडात उघडणारी एक खिडकी पाडून, त्या खिडकीत रुग्णाच्या मापाचा प्लग बसवून ती हळूहळू आटवता येते. आतली दाढ वाचते, नस वाचते, जबड्याचं हाड आपलं आपण भरून येतं. खिडकी पाडायला अर्धा-पाऊण तास लागतो. ती पुढचे कित्येक महिने उघडी ठेवायला, प्लग जिला जोडलेला असतो अशी, दातांना पकडून नीट बसणारी काढता-घालता येणारी प्लेट लागते आणि घरात रोज गाठ धुऊन देणारं माणूस लागतं. यातलं एक जरी नसलं तरी उपचार फसतो.

हे मी दोन वाचकांसाठी लिहितो आहे: ज्यांच्या घरात हा उपचार चालू होणार आहे ते, आणि तालुक्याच्या गावात दवाखाना टाकलेले तरुण दंतवैद्य, ज्यांना ही प्लेट स्वतः बनवावी लागणार आहे. एकमेकांचा भागही वाचावा. आईला प्लगचं काम कळलं की ती धुणं चुकवत नाही. आणि घरी सिरिंज कशी धरली जाते हे डॉक्टरला ठाऊक असलं की तो प्लेट वेगळी बनवतो.

गाठ मोठी का होत जाते

सिस्ट म्हणजे आतून अस्तर असलेली, द्रवानं भरलेली बंद पिशवी. जबड्यात ती बहुधा दाताशी जोडलेली असते. किडून मेलेल्या दाताच्या मुळाच्या टोकाशी होते ती रॅडिक्युलर सिस्ट, सगळ्यांत जास्त आढळणारी. न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती होते ती डेंटिजेरस सिस्ट. ती दाताचं डोकं आणि मूळ जिथे मिळतात त्या कड्याला चिकटलेली असते, म्हणून एक्स-रेमध्ये दात पोकळीत डोकं घालून बसल्यासारखा दिसतो. अक्कलदाढ, वरचा सुळा आणि खालची दुसरी उपदाढ या तिच्या आवडत्या जागा. मुलांमध्ये अनेकदा त्या दाताच्या वर असलेल्या दुधाच्या दाढेत जुनी कीड किंवा जुनी नस-भरणी असते, तिची सूज खाली झिरपते आणि खालच्या नव्या दाढेभोवतीची पिशवी फुगते.

फुगण्याची रीत मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते तशीच. आतला द्रव दाट, अस्तरातून पाणी आत ओढलं जातं, दाब वाढतो. शिवाय अस्तरातून हाड विरघळवणारी द्रव्यंही पाझरतात. हाड सगळ्या बाजूंनी मागे सरकतं, बाहेरचं कवच इतकं पातळ होतं की बोटानं दाबलं तर पापड मोडल्यासारखं कुरकुरतं. दुखत मात्र नाही. म्हणून लोक उशिरा येतात.

आता याच पिशवीला तोंडात उघडणारं भोक पाडा. दाब संपला. द्रव साठत नाही, हाड विरघळवणारी द्रव्यंही कमी होतात आणि हाड कडेनं आत वाढायला लागतं. जर्मन शल्यवैद्य कार्ल पार्श यांनी १८९२ साली ही पद्धत मांडली. तेव्हाचं त्यांचं गाव ब्रेस्लाऊ, आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. पिशवीचं तोंड उघडून तिचे काठ हिरडीला शिवून टाकायचे, कांगारूच्या पोटावरच्या पिशवीसारखी ती उघडी राहते, म्हणून हिला मार्सुपियलायझेशन म्हणतात. खिडकी लहान ठेवून त्यात नळी बसवली तर त्याला डीकॉम्प्रेशन म्हणतात. तत्त्व एकच.

कोणाला चालतं, कोणाला नाही

मुलांमधली डेंटिजेरस सिस्ट हा या उपचाराचा सगळ्यांत गोड प्रसंग. दाढेचं मूळ अर्धवट असेल तर तिच्यात वर येण्याचा जोर शिल्लक असतो आणि दाब गेला की ती आपोआप चढू लागते. मूळ पूर्ण झालेलं असेल, दात फार खोल गेलेला किंवा फार आडवा असेल, तर आशा कमी. मग पुढे तार लावून ओढावा लागतो.

मोठ्या माणसांमध्ये, गाठ खालच्या जबड्याच्या नसेला टेकलेली असेल, नाकाच्या बाजूच्या सायनसमध्ये शिरलेली असेल किंवा हाड इतकं पातळ असेल की एका दमात खरवडताना जबडाच मोडेल, तेव्हा आधी खिडकी पाडून गाठ लहान करायची आणि मग उरलेली काढायची. हृदयविकार असलेले, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेले, मोठी भूल न झेपणारे वयस्कर रुग्ण यांनाही हा मार्ग सोयीचा, कारण खिडकी जागेवरच्या भुलीत पाडता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय मात्र फिजिशियनला विचारूनच. रुग्णानं स्वतःहून गोळी बंद करू नये.

केराटोसिस्ट ही वेगळी जात. ती हाडात लांबलचक पसरते, वरून सूज फारशी दिसत नाही, आणि काढली तरी परत उगवण्यासाठी प्रसिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये तिला ट्यूमरच्या यादीत टाकलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं, यावरून तिचा स्वभाव लक्षात येईल. खिडकी आणि प्लगनं तीही लहान होते, अस्तर जाड होतं, पुढे सोलून काढायला सोपं जातं. पण केराटोसिस्टमध्ये केवळ खिडकीवर भिस्त ठेवून थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी शस्त्रक्रिया आधीच ठरवून ठेवावी.

लहान गाठ सरळ काढून टाकलेली बरी, तिच्यासाठी वर्षभराचा व्याप कशाला? मेलेल्या दाताच्या टोकाची लहान पोकळी तर नुसत्या रूट कॅनलनंही बऱ्याचदा भरून येते. आणि जो रुग्ण फेरतपासणीला येणारच नाही, कामासाठी सहा महिने परगावी जाणार आहे, त्याला खिडकी पाडून देऊ नये. अर्धवट सोडलेली खिडकी बंद होते, आत घाण अडकते आणि गाठ पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत परत येते.

पायरी पहिली: खात्री

ओपीजी सगळ्यांचा निघतो. गाठ मोठी असेल, नस किंवा सायनस जवळ असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढावा. त्यात गाल आणि जिभेच्या बाजूचं हाड किती उरलं आहे, दात कुठल्या दिशेला वळला आहे हे कळतं. न उगवलेल्या दाताभोवती दोन-तीन मिलिमीटरची काळी रेघ नेहमीच असते, ती गाठ नव्हे. पाचाच्या पुढे गेली की शंका घ्यायची. शेजारच्या दातांची नस जिवंत आहे का, हे प्रत्येक दात वेगळा तपासून लिहून ठेवायचं. खालच्या ओठाला स्पर्श नीट कळतो का, तेही उपचाराआधीच नोंदवायचं. नंतर "आधीपासूनच बधिर होतं का?" या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं.

मग जागा बधिर करून जाड सुईनं आतला द्रव ओढून पाहायचा. ही दोन मिनिटांची तपासणी मी कधीच टाळत नाही. गव्हाच्या काडीसारखा पिवळसर द्रव आला, सिरिंज उजेडात धरून हलवली आणि त्यात अभ्रकाच्या चुऱ्यासारखे कण चमकले, तर ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक. साधी सिस्ट असण्याचा हा चांगला संकेत. पांढरट, दाट, रबडीसारखं काही आलं तर केराटोसिस्ट मनात धरायची. काहीच आलं नाही तर गाठ भरीव असू शकते. आणि लालभडक रक्तानं सिरिंजचा दट्ट्या स्वतःहून मागे ढकलला, तर तिथेच थांबायचं. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, तिला दवाखान्यात चिरा देणं जिवावर बेततं. दाबून धरायचं आणि मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

पायरी दुसरी: प्लेटचा पाया आधीच तयार ठेवणं

इथे माझी पद्धत बऱ्याच जणांपेक्षा थोडी वेगळी आहे. शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या तोंडात पहिल्यांदा माप घेणं मुलांना फार जड जातं. म्हणून मी शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत आल्जिनेटचं (जेलीसारखं घट्ट होणारं मापाचं द्रव्य) माप घेतो, लगेच स्टोनमध्ये (कडक प्लास्टर) ओततो आणि प्लेटचा पाया तयार करून ठेवतो. कायमच्या पहिल्या दाढांवर ०.७ मिलिमीटरच्या तारेचे ॲडम्स क्लॅस्प (दाढेला पकडणाऱ्या तारेच्या कड्या), दुधाच्या दाढांवर ०.६ चे, पुढे लेबियल बो (समोरच्या दातांवरून जाणारी तार). खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूनं घोड्याच्या नालेसारखी प्लेट, वरच्या जबड्यात टाळूवर. क्लॅस्पमध्ये कंजुषी करू नये. सैल प्लेट जिभेनं सतत हलते, प्लगचा काठ हिरडी घासतो, जखम होते आणि मूल प्लेट काढून दप्तरात ठेवतं.

ॲक्रिलिक, म्हणजे प्लेटचं प्लास्टिक, पारदर्शक घ्यावं. गुलाबी दिसायला बरं, पण पारदर्शकातून खालची हिरडी दिसते. जिथे दाब येतो तिथे ती पांढरी पडते आणि नेमकं कुठे घासायचं ते कळतं.

सगळे दात गेलेल्या आजोबांना वेगळी प्लेट लागत नाही. त्यांची चालू कवळी असेल तर तिलाच आतून प्लग जोडता येतो. कवळीची सवय असते, त्यामुळे हे रुग्ण फार शिस्तीत बरे होतात.

पायरी तिसरी: खिडकी

मुलीच्या बाबतीत खिडकीची जागा आयतीच असते: वरची खराब झालेली दुधाची दाढ काढली की तिचा खड्डा थेट गाठीत उघडतो, किंवा मधे कागदाएवढं हाड असतं. तो द्रव बाहेर येतो तेव्हा मुलांना खारट चव लागते, हे आधी सांगून ठेवलं तर ती घाबरत नाहीत. खड्डा रुंद करून खिडकी निदान एक सेंटिमीटरची करायची. होईल तेवढी मोठीच, कारण बरं होताना ती आखडणारच आहे. खालच्या उपदाढांजवळ ओठाकडे जाणारी नस हाडातून बाहेर पडते, त्या बाजूला हात जपून चालवायचा.

अस्तराचा तुकडा कापून फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला पाठवायचा. प्रत्येक वेळी. एक्स-रेवर साध्या सिस्टसारखीच दिसणारी अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ असते, तिचा उपचार वेगळा. आणि खिडकीच्या तुकड्यात साधी सिस्ट आली तरी दूरच्या कोपऱ्यात दुसरं काही असू शकतं. म्हणून गाठ अपेक्षेप्रमाणे आटत नसेल तर पुन्हा तुकडा काढायचा, पहिल्या रिपोर्टवर वर्षभर विसंबायचं नाही.

अस्तराचे काठ हिरडीला शिवले की पोकळीत आयोडोफॉर्मची गॉजपट्टी भरायची, आयोडीनची ॲलर्जी नाही हे विचारून. एकच लांब पट्टी, घड्या घालत, शेवटचं टोक खिडकीबाहेर. तुकडे तुकडे भरले तर एखादा आत राहून जातो. ही पट्टी सात ते दहा दिवस राहते. पिवळी दिसते, औषधाचा उग्र वास येतो, तो वास सडल्याचा नव्हे. या दिवसांत मऊ भात, वरण, खिचडी, दही चालेल. पट्टीचं टोक बाहेर लोंबलं तर ओढायचं नाही, फोन करायचा.

पायरी चौथी: प्लग

सगळ्या उपचारातलं हे सर्वांत नाजूक काम, आणि चुका इथेच होतात.

पट्टी काढली, पोकळी सलाईननं धुतली की खिडकीच्या तोंडाचं माप घ्यायचं असतं, पोकळीचं नव्हे. पोकळी आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, माठासारखी. तिच्यात आल्जिनेट किंवा पुट्टी शिरली तर ती तशीच बाहेर येत नाही, तुटून आत राहते. म्हणून आधी व्हॅसलीन लावलेला गॉज पोकळीत भरायचा, त्याला रेशमी दोरा बांधलेला, दोऱ्याचं टोक बाहेर. तोंडापासून चार-पाच मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. आता तयार पाया तोंडात बसवायचा, खिडकीवर येणाऱ्या भागाला मऊ केलेली ग्रीन स्टिक (गरम केली की मऊ होणारी मापाची कांडी) लावायची, गरम पाण्यात बुडवून चटका बसणार नाही इतपत करून ती खिडकीत दाबायची, आणि घट्ट व्हायच्या आत एकदा काढून परत बसवायची. अडकली नाही तर माप बरोबर. मग याच ग्रीन स्टिकच्या जागी लॅबमध्ये ॲक्रिलिक घालून घ्यायचं. दोन-तीन तासांचं काम आहे. तेवढा वेळ खिडकीत गॉज ठेवून रुग्णाला बाहेर बसवायचं, दुसऱ्या दिवशी बोलवायचं नाही. एका रात्रीत खिडकीचं तोंड बदललेलं असतं.

कच्चं ॲक्रिलिक थेट तोंडात, ताज्या जखमेवर घट्ट करण्याचा मोह टाळावा. घट्ट होताना ते तापतं आणि त्यातला न जुळलेला द्रव हिरडी जाळतो. उष्णतेवर पिकवलेलं ॲक्रिलिक उत्तम. घाईत साधं वापरावं लागलं तर निदान काही तास पाण्यात बुडवून मग द्यावं.

तयार प्लगमध्ये चार गोष्टी पाहायच्या. तो खिडकीच्या काठापलीकडे दोन-तीन मिलिमीटर आत जावा, तळाला टेकू नये. प्लगचं काम दार उघडं धरण्याचं. खोली भरून टाकली तर हाड वाढणार कुठे? कडा गोल आणि चकचकीत हव्यात, प्युमिसची (झिलईची) पूड लावून, कारण खरखरीत कडेवर अन्न आणि जंतू चिकटतात. आतलं टोक बाहेरच्या भागापेक्षा किंचित निमुळतं हवं, म्हणजे घालता-काढता येतो. आणि मधून आरपार भोक असावं, दीड-दोन मिलिमीटरचं, म्हणजे द्रव कोंडत नाही आणि प्लेट न काढताही सिरिंजनं धुता येतं.

पाचवी गोष्ट मी एका भीतीपोटी करू लागलो. ॲक्रिलिक एक्स-रेवर दिसत नाही. प्लग तुटून गिळला गेला किंवा श्वासनळीत गेला तर तो शोधायचा कशानं? म्हणून मी प्रत्येक प्लगमध्ये तारेचा एक तुकडा पुरून ठेवतो, त्याचं दुसरं टोक प्लेटच्या मुख्य भागात. प्लग सहसा तुटत नाही, तुटलाच तर लोंबत राहतो, आणि हरवलाच तर दिसतो. याच कारणानं नुसता सुटा प्लग, प्लेटशिवाय, मुलांना कधीच देऊ नये.

पायरी पाचवी: घरचं धुणं

मुलीच्या आईला मी सिरिंज दवाखान्यातच हातात देतो आणि माझ्यासमोर धुऊन दाखवायला लावतो. पहिल्या वेळी हात थरथरतो. चौथ्या दिवशी फोन येतो, "डॉक्टर, काल भाताचं शीत निघालं." तेव्हा मला समाधान वाटतं, कारण धुणं आतपर्यंत पोचतं आहे.

एक पेला पाणी उकळून कोमट करायचं, त्यात अर्धा लहान चमचा मीठ. दहा किंवा वीस मिलीची सिरिंज, पुढे बोथट, वाकवलेली सुई. डॉक्टरच अशी सुई देतात. टोकदार सुई घरात या कामासाठी ठेवायचीच नाही. मुलानं बेसिनवर वाकून, तोंड उघडं, मान पुढे. सिरिंजचं टोक खिडकीच्या काठाशी ठेवायचं, आत खुपसायचं नाही, आणि हळू पण सलग दाबायचं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, सहसा तीन-चार सिरिंज. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपण्याआधी. सुरुवातीचे दोन आठवडे एकदा क्लोरहेक्झिडीनच्या औषधानंही धुतात. ते महिनोन्‌महिने वापरलं तर दात तपकिरी होतात, म्हणून पुढे मीठ-पाणीच पुरेसं.

प्लेट जेवताना घालायची की काढायची, यावर मतं वेगळी आहेत. मी घालून जेवायला सांगतो. खिडकीत अन्न कमी जातं आणि मुख्य म्हणजे प्लेट डब्यात विसरत नाही. जेवण झालं की काढायची, मऊ ब्रश आणि साबणानं घासायची, खिडकी धुवायची, परत घालायची. झोपतानासुद्धा आतच. उकळत्या पाण्यात प्लेट टाकायची नाही, ती वाकते. कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायची नाही, खरकट्याबरोबर कचऱ्यात जाते.

प्लेट काही तासांहून जास्त बाहेर राहू द्यायची नाही. माझ्याच एका रुग्णानं घरच्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून चार दिवस प्लेट काढून ठेवली. पाचव्या दिवशी आला तेव्हा खिडकी ज्वारीच्या दाण्याएवढी उरली होती. पुन्हा भूल, पुन्हा चिरा, पुन्हा पहिला दिवस. चूक माझीही होती. "रोज घाला" एवढंच मी सांगितलं होतं, "चार दिवस काढली तर खिडकी बुजते" हे सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ते वाक्य मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो.

पायरी सहावी: फेरतपासणी आणि घासणं

पहिल्या आठवड्यात एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग दर महिन्याला. प्रत्येक भेटीत खिडकी, वास, हिरडी आणि ओठाची संवेदना पाहायची आणि प्लग आतल्या बाजूनं एक-दोन मिलिमीटर घासायचा. हाड वर येतं तसा प्लग आखूड होत गेला पाहिजे. प्लगवर दाब येतो आहे का हे कळायला रुग्णाचं म्हणणं ऐकावं. "प्लेट आता वर उचलल्यासारखी वाटते" असं कोणी म्हणालं की तळ प्लगला भिडलेला असतो. प्लग सैल झाला तर मात्र भर घालून परत घट्ट करायचा.

ओपीजी साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी घाई करून काढला तर फरक दिसत नाही आणि उगाच निराशा येते. तीन महिन्यांच्या फिल्ममध्ये पोकळीची कड धूसर झालेली दिसते, काळ्यात राखाडी झाक येते, कलंडलेली उपदाढ सरळ होऊ लागलेली असते. एके दिवशी धुताना खिडकीत पांढरं टोक दिसतं. ती नव्या दाढेची पहिली झलक, आणि आई मोबाईलवर फोटो पाठवते. आता प्लग पूर्ण घासून टाकायचा, पण प्लेट ठेवायची. मागची कायमची दाढ पुढे सरकून नव्या दाढेची जागा खाऊ नये म्हणून हीच प्लेट जागा राखते. दाढ पूर्ण वर येईपर्यंत ती घालायची.

तीन-चार महिन्यांत पोकळी भरते आहे पण दात जागचा हलत नाही, असं झालं तर ऑर्थोडोंटिस्टला (दात तारेनं सरळ करणारे डॉक्टर) दाखवावं. दाताला बटण चिकटवून हलक्या ओढीनं तो आणता येतो.

मोठ्या माणसांत हाड सावकाश भरतं, सहा महिने ते वर्षभर धरून चालावं. गाठ नसेपासून दूर गेली, हाडाचा जाड थर तयार झाला की उरलेलं अस्तर काढून टाकायचं. ते अस्तरही पॅथॉलॉजीला जातं, पूर्ण.

लगेच यायचं कधी

खिडकीतून थांबत नाही असं रक्त, ताप, गाल किंवा गळ्याकडे पसरणारी सूज, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, खालचा ओठ नव्यानं बधिर होणं, प्लगचा तुकडा दिसेनासा होणं. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. प्लग हरवल्यानंतर खोकला किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला तर दातांच्या दवाखान्यात न येता थेट मोठ्या रुग्णालयात. धुतल्यावरही दिवसभर घाण वास येत असेल तर दोन दिवसांत दाखवायचं, बहुधा धुणं आतपर्यंत जात नसतं. प्लेट बसेनाशी झाली तर जोर लावून घालायची नाही आणि घरी घासायचीही नाही. त्याच दिवशी यायचं.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात मुख शल्यचिकित्सा, बालदंत आणि कृत्रिम दंत असे तिन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. खिडकी एकानं पाडायची आणि प्लेट दुसऱ्यानं बनवायची असते, म्हणून असं ठिकाण सोयीचं. जाताना जुने सगळे एक्स-रे आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट न्यावा.

बरं झाल्यावर

डेंटिजेरस सिस्ट आटून दाढ उगवली की सहा महिन्यांनी आणि वर्षानं एक ओपीजी, नंतर नेहमीची तपासणी. केराटोसिस्टला मात्र निदान पाच वर्षं दरवर्षी फिल्म काढायचीच, आणि त्यानंतरही अधूनमधून. परत येणाऱ्या बऱ्याचशा गाठी पहिल्या पाच वर्षांत येतात, पण नंतर आलेल्याही असतात. एकाच माणसाच्या जबड्यात अशा दोन-तीन गाठी निघाल्या, किंवा लहान वयात निघाल्या, तर गॉर्लिन सिंड्रोमची (अशा गाठी होणारा आनुवंशिक आजार) तपासणी करून घ्यावी, घरातल्या इतरांचीही.

पहिल्या दिवसाची फिल्म जपून ठेवा. तिच्यावर तारीख आणि वय लिहा, गुंडाळून ठेवू नका, कपाटात सपाट ठेवा, आणि मोबाईलवर तिचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. पुढे कधी जबड्यात सावली दिसली तर ती भरलेल्या हाडाची जुनी खूण आहे की नवी गाठ, हे त्या फिल्मशेजारी धरल्यावरच कळतं.